शिशाच्या रेघा: आखेनमधले सहा दिवस आणि लुडविग शाफ्राट

आधीच सांगून टाकतो, मी काही आर्टवाला माणूस नाही. भोसरीत माझं अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं छोटं वर्कशॉप आहे, तीस वर्षं झाली, सेक्शन म्हणजे चौकटीच्या पट्ट्या कापायच्या, काच बसवायची, बिल्डरच्या मागे पेमेंटसाठी फिरायचं. लेक जर्मनीत आखेनला एमएस करतेय (तिथं पुण्याची इतकी पोरं आहेत की तिच्या लॅबमधे दुपारी डब्यातली भाजी अदलाबदल होते म्हणे), आणि दोन वर्षांपूर्वी तिनं व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला होता. एका जुन्या दगडी कमानीत बसवलेली खिडकी, रंग जवळजवळ नाहीच, नुसत्या काळ्या रेघा, वळत वळत गेलेल्या. खाली लिहिलेलं "बाबा, तुमच्या लाइनमधलं काहीतरी". मला वाटलं ग्रिलचं डिझाइन आहे. तिनं सांगितलं ग्रिल नाही, ते शिसं आहे, काचा जोडायची शिशाची पट्टी, आणि डिझाइन करणारा लुडविग शाफ्राट नावाचा इथलाच माणूस. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा बघायचं.

नोव्हेंबरमधे योग आला. आमची ही पॅरिस पॅरिस करत होती, मी म्हटलं पॅरिस पुढच्या वेळी. त्यावरून विमानात आठ तास अबोला.

दिवस पहिला, शनिवार

पहाटे फ्रँकफर्टला उतरलो, दुपारी आखेन. लेकीच्या खोलीवर वरणभात खाल्ला आणि "पाच मिनिटं पडतो" म्हणून जो आडवा झालो तो साडेतीनला उठलो. इथंच घोळ झाला. नोव्हेंबरात तिथं पावणेपाचला अंधार पडतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे लेकीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

तरी धावतपळत कॅथीड्रल गाठलं. हे साधंसुधं चर्च नाही. शार्लमेन म्हणजे जर्मन लोकांचा कार्ल डेर ग्रोस, जुना सम्राट, यानं साधारण १२०० वर्षांपूर्वी बांधायला घेतलेलं, मधला अष्टकोनी भाग त्याच्याच काळचा, ९३६ ते १५३१ जर्मन राजांचे राज्याभिषेक इथं होत. १९७८ ला युनेस्कोनं जागतिक वारशाची पहिलीच यादी काढली, बारा जागांची, त्यात हे होतं. पण मला बघायचा होता तो पूर्वेकडचा उंच भाग, कॉयर. शार्लमेन गेला ८१४ ला, त्याला सहाशे वर्षं झाली म्हणून १४१४ ला हा भाग पुरा करून वाहिला. लोक त्याला आखेनचं काचघर म्हणतात. खिडक्या २५ मीटरहून उंच, म्हणजे आपल्याकडची आठ मजली बिल्डिंग, आणि एकूण काच हजार चौरस मीटरच्या वर. मी उभ्या उभ्या हिशोब केला, अकरा हजार स्क्वेअर फूट. मधे भिंत नाहीच, बारीक दगडी खांब आणि काच. सहाशे वर्षांपूर्वी, क्रेन नाही, सिलिकॉन नाही. मी मान वर करून किती वेळ उभा होतो माहीत नाही, हिनं शेवटी कोट ओढला.

आता या काचा मात्र सहाशे वर्षांच्या नाहीत. जुन्या काचा दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आखेन हे दोस्त राष्ट्रांनी घेतलेलं पहिलं मोठं जर्मन शहर, २१ ऑक्टोबर १९४४. युद्ध संपल्यावर १९४९ ते ५१ मधे नवीन खिडक्या बसवल्या. अगदी टोकाच्या, चित्रं असलेल्या, वाल्टर बेनर या कलाकाराच्या, आणि बाकीच्या आंटोन वेंडलिंगच्या. वेंडलिंगच्या खिडक्यांत माणसं नाहीतच, नुसती भौमितिक नक्षी, गालिच्यासारखी. हे नाव लक्षात ठेवा, कारण वेंडलिंग आखेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकवायचा आणि त्याच्या हाताखाली असिस्टंट होता शाफ्राट. लेक शिकते तीच युनिव्हर्सिटी! हिला सांगितलं तर म्हणाली, "मग पोरीनं पण काचाच करायच्या का आता?"

मग शेजारच्या क्लॉइस्टरमधे गेलो. क्लॉइस्टर म्हणजे वाड्यात मधल्या चौकाभोवती कशी ओसरी फिरते तसा प्रकार, फक्त दगडी आणि कमानींचा. याच कमानींत शाफ्राटच्या १९६० च्या दशकातल्या खिडक्या आहेत, फोटोतल्या. आणि आम्हाला दिसलं काय, तर काळं. बाहेर अंधार म्हणजे आतून काचही काळी आणि शिसंही काळं. एवढे हजारो किलोमीटर आलो आणि समोर पाटी पुसल्यासारखी खिडकी. लेक हसायला लागली. आपण खिडकी विकताना गिऱ्हाइकाला सांगतो की काच अशी, सेक्शन असा, पण खरा माल तर बाहेरचा उजेड असतो, तो नसला की काय राहिलं.

दिवस दुसरा, रविवार

पाऊस. म्हणजे आपल्यासारखा धो धो नाही, नुसती भुरभुर, दिवसभर, आकाश जस्ताच्या पत्र्यासारखं. मी म्हटलं गेला आजचाही दिवस. लेक म्हणाली उलट चांगलंय, चला.

तिनं नेलं सेंट जोसेफ चर्चला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, आतल्या खिडक्या शाफ्राटच्या, १९७० च्या दशकातल्या. पण हे आता नेहमीचं चर्च नाही. प्रार्थनेला माणसं कमी कमी होत गेली तशी जर्मनीत कितीतरी चर्चेस रिकामी पडलीत, काही विकली, काही पाडली. याचं २००६ पासून अस्थींचं घर केलंय. दहनानंतरची रक्षा कलशात, कलश दगडी खांबांसारख्या कप्प्यांत, वर नावं. बाकडी काढून टाकलेली, जमिनीतून पाण्याचा बारीक प्रवाह सोडलाय.

हिचा चेहरा उतरला. हिची आई मेमधे गेली, अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो होतो, रामकुंडावर पाच मिनिटांत काम झालं, मागे रांग होती. ती एका कप्प्यापुढे बराच वेळ थांबली, तिथं कोणीतरी ताजं फूल ठेवलं होतं. मला काही बोलायचं सुचलं नाही, मी आपला वर खिडकीकडे बघत बसलो.

आणि तेव्हा कळलं लेक उलट चांगलंय का म्हणाली ते. आपल्या डोक्यात रंगीत काच म्हणजे ऊन पाहिजे, फरशीवर लाल निळे कवडसे पडले पाहिजेत. या माणसाचं तसं नाही. त्याच्या कामात दुधी काच भरपूर असते, ओपल म्हणतात तिला. आपल्या बाथरूमच्या पिनहेड काचेसारखं तिचं काम, म्हणजे आरपार दिसू द्यायचं नाही पण उजेड मात्र स्वतःत पसरवून घ्यायचा. ढगाळ दिवशी साध्या रंगीत काचा मरतात, ही जागी राहते. आणि हे सगळं ढगाळ मुलखातल्या माणसानं केलेलं आहे ना. ज्या गावात वर्षातले कितीतरी दिवस आकाश राखाडी, तिथं जन्मलेला माणूस उन्हाच्या भरवशावर खिडकी कशाला करेल? मला एकदम आमच्या धंद्यातली गोष्ट आठवली, बिल्डर लोक दुबईचा कॅटलॉग बघून निळी रिफ्लेक्टिव्ह काच लावायला सांगतात आणि मग आतली माणसं भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसतात.

एक तास होतो आत. ढग हलतात तसा खिडकीचा करडा रंग बदलतो, अगदी हळू, बघत राहिलं तर कळत नाही, नजर काढून परत टाकली की कळतं. बाहेर पडल्यावर ही एवढंच म्हणाली, "जागा चांगली आहे." पॅरिसचा विषय त्यानंतर निघाला नाही.

दिवस तिसरा, सोमवार

सोमवारी तिकडे बहुतेक म्युझियमं बंद, म्हणून शाफ्राटचं गाव बघून येऊ म्हटलं. आल्सडॉर्फ, लोकल ट्रेन आहे, तिला युरेगिओबान म्हणतात, स्टेशनचं नाव अॅनापार्क. अॅना ही बाई नाही, खाण आहे. कोळशाची. १९२४ ला शाफ्राट इथं जन्मला तेव्हा सगळं गाव खाणीवर. त्याच्या लहानपणीच, तो सहा वर्षांचा असताना, २१ ऑक्टोबर १९३० ला खाणीत स्फोट झाला आणि २७१ माणसं गेली. (परवाच्या आखेनची तारीख पण २१ ऑक्टोबर, योगायोग, पण टोचतो.)

आता खाण नाही, १९८० च्या दशकात कोळसा काढणं बंद झालं. बाग आहे, दुकानं आहेत, आणि मधे शाफ्टवरचा लोखंडी सांगाडा जपून ठेवलाय, ज्यावरून पाळणा खाली सोडायचे. पावसात त्याच्याखाली उभं राहून वर बघितलं. तिरप्या आडव्या लोखंडी रेघा, मागे पांढरं आकाश. बघा हं, मी म्हणत नाही की यानं हेच बघून खिडक्या केल्या, तसं मी कुठं वाचलेलंही नाही, पण मला त्या सांगाड्याखाली काल चर्चमधे बघितलेल्या खिडक्याच आठवत राहिल्या.

बेकरीत कॉफी घेतली. लेकीनं जर्मनमधे काउंटरवरच्या आजींना शाफ्राटबद्दल विचारलं, त्यांनी लगेच मान हलवली, "हो हो, खिडक्यावाला." एवढंच. आपल्याकडे असता तर चौकात पुतळा आणि त्याखाली पार्किंग. तो जगभर फिरला, इंग्लंड अमेरिकेत वर्कशॉप घेतली, जपानच्या ओमिया रेल्वे स्टेशनसाठी काम केलं, पुढे स्टुटगार्टच्या आर्ट अकादमीत प्रोफेसर झाला, पण बिऱ्हाड याच भागात. २०११ ला गेला.

बाकी दिवसात सांगण्यासारखं काही नाही. छत्री ट्रेनमधे विसरली.

दिवस चौथा, मंगळवार

हा दिवस माझा. लिनिख.

आखेनहून ड्युरेन, तिथून छोटी रूरटालबान. ही रूर नदी वेगळी बरं का, कारखान्यांचा तो प्रसिद्ध र्‍हूर भाग वेगळा, माझा पण गोंधळ झाला होता. पहिली ट्रेन उशिरा आली म्हणून ड्युरेनची गाडी डोळ्यादेखत सुटली, पुढच्या गाडीपर्यंत प्लॅटफॉर्मवर कुडकुडत बसलो, हिनं घरून आणलेल्या शंकरपाळ्या काढल्या म्हणून निभावलं. वाटेत युलिख लागतं. १६ नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात हे गाव जवळपास सगळं, ९७ टक्के, गेलं. खिडकीतून दिसतं ते सगळं नंतरचं बांधकाम. लेक म्हणाली इथल्या काचेच्या धंद्याचं गणित यातच आहे बाबा. शहरंच्या शहरं उडाली, चर्चमधे एक काच शाबूत नाही, म्हणजे पुढची वीस तीस वर्षं काम संपणार नाही एवढ्या खिडक्या एकदम रिकाम्या. आणि जुन्यासारखी संतांची रंगीत चित्रं परत काढायला ना पैसा ना मन. म्हणून ती सगळी नवी पिढी, मायस्टरमान, शाफ्राट, बुशुल्टे, श्रायटर, एकाच वेळी उगवली. दुसऱ्या कुठल्याही देशात तेव्हा एवढ्या तरुण डिझायनरांना एवढ्या मोठ्या खिडक्या कोणी दिल्या नसत्या.

लिनिख हे एवढंसं गाव, पण तिथं जर्मन काचचित्रांचं म्युझियम आहे, १९९७ ला नदीकाठच्या जुन्या पिठाच्या गिरणीत सुरू झालेलं. इथंच का, तर ओइड्टमान यांचं वर्कशॉप इथं १८५७ पासून चालू आहे, या धंद्यात जर्मनीत इतकं जुनं दुसरं नाही म्हणतात. सुरू करणारा कोण, तर चक्क एमबीबीएस टाइप डॉक्टर! पेशंट सोडून काचेच्या नादी लागला. आमच्या घरात याच्या उलटं झालं, भावाला काचेत यायचं होतं आणि वडिलांनी बीएएमएस करायला लावलं.

म्युझियमची मांडणी मजल्यामजल्यांवर आहे. खरी मजा म्हणजे घराणं दिसतं. मूळ गुरू योहान थॉर्न प्रिकर, हा हॉलंडचा, हेगमधे जन्मलेला, पण आयुष्य गेलं जर्मनीत शिकवण्यात. हागेनच्या रेल्वे स्टेशनवर त्याची १९११ ची खिडकी आजही आहे. नॉइसच्या चर्चसाठी केलेल्या खिडक्या चर्चवाल्यांनी कित्येक वर्षं बसवूच दिल्या नाहीत, फार मॉडर्न म्हणून. त्याचा चेला वेंडलिंग, वेंडलिंगचा चेला शाफ्राट. गाण्यात कसं, आजोबा गुरूची तान नातू शिष्याच्या गळ्यात ऐकू येते पण नातू ती उलगडतो वेगळीच, तसं. प्रिकरनं काचेतलं चित्र मोडून आकार आणले, वेंडलिंगनं आकारांची शिस्त लावली, आणि शाफ्राटनं त्या आकारांमधली जी रेघ, ती उचलली.

हे नीट सांगतो कारण माझ्यासाठी सगळी ट्रिप या एका गोष्टीत आहे. खाली एका टेबलावर प्रात्यक्षिक चाललं होतं, एक बाई शाळेच्या मुलांना दाखवत होत्या, लेकीनं त्यांना सांगितलं की माझे बाबा खिडक्या बनवतात, तर त्यांनी मला सरळ टेबलाच्या आत घेतलं.

शिशाची पट्टी म्हणजे काय, तर एच सेक्शन. अक्षरशः. आपला अॅल्युमिनियमचा असतो तसाच, दोन्ही बाजूंनी खाच, दोन्हीकडून काच घुसते. फक्त हा हातानं वाकतो. वापरायच्या आधी एक टोक शिकंज्यात धरून दुसरं पक्कडीनं ओढतात, पट्टी किंचित लांबते आणि सरळ, कडक होते. मला ओढायला दिली, मी जोर जास्त लावला, तुटली, मुलं हसली. मग डिझाइन. डिझायनर आधी छोटं काढतो, मग खिडकीच्या मापाचा पूर्ण कागद. त्या कागदातून प्रत्येक काचेच्या तुकड्याचा नमुना नंबर घालून कापायचा आणि त्याची कात्री तीन पात्यांची असते! दोन पाती एका बाजूला आणि एक मधे, म्हणजे कापताना दोन तुकड्यांमधून पावणेदोन मिलिमीटरची चिंधी निघून जाते. का, तर शिशाच्या एचची मधली आडवी दांडी तेवढी जाड. मी टेबलावर थाप मारली. क्लिअरन्स! आम्ही पण काच कापताना मापातून तीन मिमी सोडतो, नवीन पोरगं विसरतं आणि मग काच बसत नाही, शिव्या खातं. यांनी ते कात्रीतच घालून ठेवलंय, विसरायचा प्रश्नच नाही.

मग काच कापणं, जोडणं, सांध्यांना कथलाचा डाग, आणि शेवटी फटीत भरायला पांढरट लगदा. मी चिमटीत घेऊन वास घेतला. जवसाचं तेल आणि खडूची पूड. लांबी, म्हणजे पुट्टी! वडील लाकडी खिडक्यांना काच बसवायचे तेव्हा पोर्चमधे बसून ही लांबी मळणं माझं काम होतं, आठवी नववीत असेन, दोन दिवस हाताचा वास जायचा नाही. आता सगळं रबर बिडिंग आणि सिलिकॉन, मला वाटतं वीस वर्षांनी हा वास घेतला असेल. बाईंना सांगायचं होतं पण "लांबी" ला जर्मनमधे काय म्हणतात ते लेकीलाही येईना, शेवटी मी नुसता हात नाकाला लावून हसलो, त्याही हसल्या.

रंगाचंही दाखवलं थोडं. चांगली काच अजून तोंडानं फुंकतात, लांब फुगा करून, टोकं कापून, उभा चिरून, भट्टीत परत तापवून पसरतात, म्हणून ती कुठं जाड कुठं पातळ, बुडबुड्यांसकट. निळ्याला कोबाल्ट, गुलाबीला चक्क सोनं. काचेवर वरून रेघ काढायची तर काळा रंग असतो, तो भट्टीत साधारण ६०० डिग्रीला भाजून पक्का करतात. पण शाफ्राटचं वेगळेपण इथंच. बाकीच्यांचं चित्र काचेवर असतं आणि शिसं हे गरजेपुरतं, तुकडे जोडायला, जमेल तितकं लपवायचं. कपड्याची शिवण कशी आतून घालतात तसं. यानं शिवणच वर आणली. त्याच्याकडे शिसं हेच पेन्सिल. कुठं बारीक पट्टी, कुठं रुंद, पाच सात रेघा एकमेकींना धरून निघतात, एकदम वळतात, सुटतात, आणि काही तर काचेच्या मधेच संपतात जिथं जोडायला काही नाहीच! कारागिराच्या हिशोबानं ती पट्टी फुकट आहे. बिलात लावली तर बिल्डर कापेल. पण तीच काढली तर खिडकी पडेल, म्हणजे खाली नाही पडणार, पण बघण्यासारखं काही उरणार नाही.

त्याच्या एका पॅनलपुढे मी अर्धा तास उभा होतो. आपण आयुष्यभर सेक्शन जितका बारीक तितकं भारी असं गिऱ्हाइकाला सांगत आलो. स्लिम प्रोफाइल, फ्रेमलेस. फ्रेम दिसली म्हणजे काम स्वस्तातलं.

निघताना बाईंनी शिशाचा बोटभर तुकडा दिला आठवण म्हणून, तो तुटलेलाच. पाकिटात आहे.

दिवस पाचवा, बुधवार

कोलोन. हिला मोठं शहर आणि शॉपिंग पाहिजे होतं, मला एक खिडकी, दोघांचं जमलं.

कोलोनच्या कॅथीड्रलमधे दक्षिणेकडे गेरहार्ड रिश्टरची खिडकी आहे, २००७ ची. रिश्टर म्हणजे आजच्या घडीचा फार महागडा चित्रकार. ११३ चौरस मीटर, त्यात ९.६ सेंटिमीटरचे चौकोन, ११ हजारांच्या वर, ७२ रंगांत. कुठला रंग कुठं हे बरंचसं कॉम्प्युटरच्या लॉटरीवर सोडलं आणि काही भाग आरशासारखे उलटवले. तिथले कार्डिनल, म्हणजे मोठे धर्मगुरू, तेव्हा म्हणाले होते की ही खिडकी मशिदीत जास्त शोभेल. नॉइसचं आणि हे, शंभर वर्षांत भांडण तेच. तसंच हायडेलबर्गला झालं, तिथल्या मोठ्या चर्चसाठी योहानेस श्रायटरनं सगळ्या खिडक्या काढल्या होत्या, गावात एवढा गदारोळ झाला की १९८४ ला एकच बसली, भौतिकशास्त्राची, तिच्यात आइनस्टाइनचं सूत्र आणि हिरोशिमाची तारीख आहे.

त्या दिवशी नेमकं ऊन आलं. अर्ध्या तासाचंच, पण रिश्टरची खिडकी पेटली हो. सगळी माणसं मोबाइल वर करून. खांबांवर रंग सांडलेले. हिनं पंचवीस फोटो काढले. मी नाही म्हणणार नाही, सुंदर आहे. पण मी जवळ जाऊन सांधे शोधत होतो आणि शिसं कुठंच दिसेना. नंतर लेकीनं मोबाइलवर वाचून दाखवलं, चौकोन मागच्या काचेला सिलिकॉननं चिकटवलेत. म्हणजे आमचंच काम! हिंजवडीच्या आयटी बिल्डिंगांना लावतो तसंच काहीतरी. धंद्याच्या दृष्टीनं मला अभिमान वाटायला पाहिजे होता, आणि मला कालची तुटलेली पट्टी आठवत होती. ढग आले तशी ती खिडकी झपकन उतरली. माणसं पुढे सरकली.

संध्याकाळी वालराफप्लाट्झवर रेडिओच्या जुन्या इमारतीत जिन्याची मायस्टरमाननं केलेली १९५२ ची खिडकी बाहेरून बघितली, आत दिवे लागले होते म्हणून बाहेरून मस्त दिसली. शनिवारच्या क्लॉइस्टरच्या उलटं. हिच्या हातात चार पिशव्या, पाय दुखत होते, फार वेळ मिळाला नाही.

दिवस सहावा, गुरुवार

रात्रीची फ्लाइट. सकाळी नऊला मी एकटाच परत क्लॉइस्टरमधे. आकाश पांढरं, ऊन नाही, पाऊस नाही.

आणि ती खिडकी. खिडक्या. एकामागे एक, कमानीकमानीत. लांबून पांढऱ्या करड्या, मधेच निळसर झाक. जवळ गेलं की रेघा. गावाकडे आजी अंगण सारवायची, ओल्या सारवणावर चार बोटं एकदम फिरवत मागे मागे सरकायची, तशा रेघा, चार पाच बरोबरीनं, एकमेकींना न शिवता, आणि कमानीच्या दगडापाशी आल्या की वळतात. दगड पाचशे सहाशे वर्षांचा, रेघ साठ वर्षांची, पण अडखळत नाही कुठं. मी एका रेघेवर बोट न लावता बोट फिरवत गेलो, खालून निघालो, डावीकडे, वर, दुसरीच्या मागून, आणि एके ठिकाणी ती संपली. काचेच्या मधेच. पुढं नुसतं दूध.

तिथं कथलाचा थेंब होता, गोल, मसुराएवढा. कोणा कारागिरानं डाग देऊन टोक बंद केलेलं. साठेक वर्षांपूर्वी कुठल्या तरी वर्कशॉपमधे कोणीतरी हे करताना नक्की म्हणाला असणार, की इथं पट्टी कशाला पाहिजे, साहेब काय काढतात आणि आपण काय करतो. मी असतो तर म्हणालो असतो.

मागून पोरांचा कलकलाट आला. कॅथीड्रलची गाण्याची शाळा आहे शेजारीच, आठ दहा वर्षांची पोरं, पाठीवर दप्तरं, पळत पळत खिडक्यांखालून गेली, एकानंही वर बघितलं नाही. मग फोन वाजला. ही.

"अहो, प्रिंटेन घ्यायचे राहिलेत. शेजारच्यांना काय देऊ, काच?"

प्रिंटेन म्हणजे इथली मसाल्याची कडक बिस्किटं. तीन पाकिटं घेतली, वर एक वर्कशॉपमधल्या पोरांसाठी. एअरपोर्टवर सिक्युरिटीत पाकिटातला शिशाचा तुकडा मशीनमधे दिसला, काढून विचारलं हे काय. लेक बरोबर नव्हती, मला जर्मन येत नाही. मी म्हटलं विंडो. त्यानं उलटसुलट करून बघितलं आणि परत दिला.